गुरांच्या कातडीखालील गाठी आणि पशुवैद्याचा सल्ला

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा त्या दिवशी तूप व हळद लावून मळण्यात येतो. जालना जिल्ह्यात, मग ते भोकरदन तालुक्यातील डोंगराकडचे गाव असो की घनसावंगी तालुक्यातील गोदाकाठचे, ज्याच्या दावणीला बैल आहे त्याच्या घरी हा रिवाज सहसा चुकत नाही. मात्र याच वेळी घरधन्याचा हात बैलाच्या मानेवरून, वशिंडावरून व पाठीवरून सावकाश फिरतो, आणि एरवी डोळ्यांस न दिसलेली गोष्ट बोटांस कळते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

सन २०२२ मध्ये पोळा ऑगस्टच्या अखेरीस आला. त्यापूर्वी सुमारे तीन आठवडे, ४ ऑगस्ट रोजी, शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात चिनावल येथे लम्पी चर्मरोगाची त्या लाटेतील राज्यातील पहिली नोंद झाली होती. पाहता पाहता हा रोग महाराष्ट्रातील बहुतेक सर्व जिल्ह्यांत पोहोचला. त्या वर्षी देशभरात दीड लाखांहून अधिक गुरे या रोगाने दगावली. २०२३ मध्येही त्याने राज्यात पुन्हा डोके वर काढले. त्यामुळे गुराच्या अंगावर अचानक लागलेली गाठ ही आता दुर्लक्षून चालण्याजोगी बाब राहिलेली नाही.

परंतु गाठ लागली म्हणजे लम्पीच झाला, असेही नव्हे. आणि खरी अडचण येथेच आहे.

गाठ एक, कारणे अनेक

जू घासून बैलाच्या खांद्यास येणारी सूज व आवाळू शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. ती खांद्यापुरतीच असते, जू नीट न बसल्याने अथवा पावसात भिजलेला खांदा तसाच जुंपल्याने येते आणि विश्रांती व उपचाराने कमी होते. काटा अथवा तार लागून गळू होते. ते गरम लागते, हळूहळू मऊ पडते व आत पू धरते. पित्त उठल्यास अंगावर चपट्या गांध्या काही तासांत येतात आणि बहुधा दिवसा-दोन दिवसांत मावळतात. गजकर्णाचे चट्टे वाटोळे व खवल्यांचे असतात, त्यांत गाठ अशी नसते. लस टोचलेल्या जागी लहानशी गाठ येते व काही दिवसांनी जिरते, तिची चिंता करण्याचे कारण नाही.

याउलट काही सुजा अशा असतात की त्यांत दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. फऱ्या रोगात तरण्याताठ्या, चांगल्या पोसलेल्या जनावराच्या मांडीवर किंवा फऱ्यावर सूज येते, ती दाबल्यास चरचर असा आवाज होतो, जनावर लंगडते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास एक-दोन दिवसांत दगावते. घटसर्पात गळ्याखाली सूज येऊन श्वास कोंडतो. संकरित गाईच्या खांद्यापुढील गाठ एकाएकी सुजून ताप चढला तर गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचा संशय घ्यावा लागतो.

वासराच्या बेंबीजवळ मऊ फुगवटी दिसते तिच्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. ती गळू समजून कोणी जाणता म्हणविणारा चाकू लावतो. पुष्कळदा ते गळू नसून पोटाच्या भित्तिकेतील छिद्रातून बाहेर आलेले आतडे असते. हलक्या हाताने दाबल्यास ते आत जाते. त्याला चाकू लावणे म्हणजे वासराचा जीव घेणे होय. बोटांस गाठ कळते, ती कशाची आहे हे बोटांस कळतेच असे नाही, ते यासाठीच.

लम्पीची गाठ

लम्पी चर्मरोग हा विषाणूजन्य आहे. मेंढ्यांच्या व शेळ्यांच्या देवीचे विषाणू ज्या गटात मोडतात त्याच गटात याचा विषाणू मोडतो. तथापि हा रोग मुख्यत्वे गाय-बैलांस होतो, म्हशींस कमी प्रमाणात होतो. शेळ्या-मेंढ्यांत तो दिसून येत नाही.

आरंभ तापाने होतो. निरोगी गुराचे तापमान साधारणपणे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, ते १०४ ते १०६ अंशांपर्यंत चढते. डोळ्यांतून व नाकातून पाणी गळते, जनावर वैरण टाकते, दूध एकाएकी घटते. खांद्यापुढील व मागच्या मांडीपुढील लसिकाग्रंथी सुजतात. त्यानंतर एक-दोन दिवसांत मान, डोके, पाय, कास व वृषण या भागांवर, आणि पुढे सर्वांगावर, गाठी उठतात. सुपारीपासून लिंबाएवढ्या आकाराच्या, वाटोळ्या, टणक व किंचित उंच अशा या गाठी असतात. खूण म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही गाठ कातडीच्या पूर्ण जाडीत रुतलेली असते. चिमटीत धरून हलविल्यास ती कातडीखाली निसटत नाही, कातडीसह हलते. काही जनावरांच्या पायांस व पोळीस मोठी सूज येते, तोंडात व श्वासनलिकेत व्रण होतात. असे जनावर अधिक धोक्यात असते. गाभण गाय गाभडते. वळूच्या वीर्यातूनही विषाणू बरेच दिवस बाहेर पडत असल्याने रोगातून उठलेला वळू लगेच वापरणे योग्य नव्हे.

विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा एक ते दोन आठवडे आणि कधी चार आठवडेही लागतात. बाजारातून आणलेला बैल आणतेवेळी ठणठणीत होता, एवढ्यावर विसंबता येत नाही ते या कारणाने.

या रोगाची जगातील पहिली नोंद १९२९ साली आफ्रिकेतील आजच्या झांबिया देशात झाली. त्या काळच्या जाणकारांनीही प्रथम या गाठी विषारी वनस्पती खाल्ल्याने अथवा किडे चावल्याने आल्या असाव्यात असा समज करून घेतला होता. तो रोग एका गुरापासून दुसऱ्यास होतो हे निश्चित होण्यास १९४० नंतरची साथ यावी लागली, आणि १९४९ पर्यंत दक्षिण आफ्रिकेत सुमारे ८० लक्ष गुरांस त्याची बाधा झाली. भारतात तो प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. तेव्हा आपल्या गोठ्यातील पहिली गाठ पाहून एखाद्या शेतकऱ्यास माशी चावली असेल असे वाटले, तर त्यात त्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. जाणकारांनी कित्येक वर्षे केलेली ती चूक आहे. आता मात्र ती परवडणार नाही.

दवडलेले पाच दिवस

भोकरदन अथवा जाफ्राबादकडील एखाद्या लहान गोठ्याचे उदाहरण घेऊ. दोन बैल, एक दुभती गाय व तिचे वासरू असे चार जीव. कपाशीत कोळपणी चालू आहे. एका सकाळी एका बैलाच्या मानेवर तीन-चार गाठी लागतात. घरधनी म्हणतो, पावसाळ्याचे दिवस आहेत, गोमाशी डसली असेल. हळद-तेल लावून तो बैल जुंपतो. दुसऱ्या दिवशी बैल वैरण टाकतो. शेजारी डाग देण्याचे सुचवितो. तिसऱ्या दिवशी गाठींवर तापलेल्या सळईचे डाग बसतात. ताप उतरत नाही, उलट डागांच्या जखमांवर माश्या बसू लागतात. चौथ्या दिवशी गाठी पोटापर्यंत येतात. पाचव्या दिवशी दवाखान्यात निरोप जातो. तोपर्यंत त्याच दावणीच्या गाईच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलेले असते, आणि बांधापलीकडच्या गोठ्यात काय चालले आहे ते अद्याप कोणास ठाऊक नसते.

या पाच दिवसांत बैलाचे जे नुकसान झाले ते दिसते. माश्यांनी जे नेले ते दिसत नाही. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड हे या रोगाचे मुख्य वाहक होत. आजारी जनावराच्या नाकातोंडातील स्राव, एकच पाण्याचे भांडे, एकच न उकळलेली सुई यांतूनही प्रसार होऊ शकतो. वाळून पडलेल्या खपल्यांत विषाणू ३५ दिवसांपर्यंत तग धरतो, म्हणून गोठ्यातील केरही निरुपद्रवी मानू नये.

डाग देण्याविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. विषाणू रक्तात असतो, कातडीवर सळई टेकवून तो जळत नाही. डागाने मिळते ती एक नवी जखम, आणि पावसाळ्यात त्या जखमेत अळ्या पडावयास वेळ लागत नाही. तसेच कपाशीवर फवारण्यासाठी घरात ठेवलेले कीटकनाशक गोचीड मारण्यासाठी गुरांच्या अंगास चोळण्याची चाल काही ठिकाणी आढळते. त्यातील विष कातडीतून व चाटण्यातून पोटात जाते. रोगातून वाचलेले जनावर त्याने मरू शकते.

पशुवैद्य येईपर्यंत

गाठ दिसताच जनावर प्रथम दावणीपासून दूर बांधावे. त्याचे पाणी, वैरण, घमेले व शक्य तर सांभाळणारा माणूसही निराळा असावा. माणूस एकच असल्यास त्याने निरोगी गुरांचे काम आधी आटोपून आजारी जनावराकडे शेवटी जावे आणि नंतर हातपाय साबणाने धुवावेत. बैल जुंपणे त्याच क्षणी थांबवावे. पोळा असला तरी असा बैल वेशीपाशी नेऊ नये, त्याची पूजा गोठ्यातच करावी. त्याने पूजेत काही उणे येत नाही.

नंतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. दवाखाना दूर असल्यास १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर माहिती देता येते. कळविताना चार गोष्टी सांगितल्यास पशुवैद्यास मोठी मदत होते: गाठी प्रथम केव्हा लागल्या, ताप व चारापाणी कसे आहे, गेल्या महिन्यात कोणते जनावर नवे आणले किंवा कोठे नेले होते, आणि लस केव्हा टोचली. आजारी जनावर गाडीत घालून दवाखान्यात नेणे टाळावे. वाटेवरच्या प्रत्येक गावच्या माश्यांस ते रोग वाटीत जाते.

रोग नवीन भागात दिसल्यास पशुवैद्य खपली, रक्त अथवा नाकातील स्राव यांचे नमुने घेतो. राज्यातील असे नमुने पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागात व पुढे भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले गेले आहेत. अहवालाची वाट पाहत उपचार थांबत नाहीत. या विषाणूवर नेमके मारक असे औषध नाही, हे खरे. परंतु ताप उतरविणे, जखमांत दुसरे जंतू शिरू न देणे, व्रण धुऊन माशी न बसेल असे मलम लावणे, आणि तोंडात फोड असलेल्या जनावरास हिरवा लुसलुशीत चारा व पातळ कांजी देऊन त्याची शक्ती टिकविणे, एवढ्यानेही बहुतेक गुरे दोन-तीन आठवड्यांत सावरतात. सर्वसाधारण अनुभव असा की साथीत बाधा झालेल्या शंभर गुरांपैकी एक ते पाच दगावतात. उपचार उशिरा झाला, वासरू लहान असले अथवा जनावर आधीच अशक्त असले की हे प्रमाण वाढते. औषधाची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. दुकानातून आणलेली सुई शेजाऱ्याच्या हाताने टोचून घेऊ नये, आणि प्रत्येक जनावरास सुई स्वतंत्र हवी.

गोठ्याची स्वच्छता ही येथे औषधाइतकीच मोलाची आहे. शेण रोज उचलून गोठ्यापासून दूर खड्ड्यात टाकावे, मुताची डबकी बुजवावीत, सायंकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा. जमीन व गव्हाण सोडियम हायपोक्लोराइटच्या २ ते ३ टक्के द्रावणाने धुवावी. दगावलेले जनावर उघड्यावर अथवा नाल्यात टाकू नये. सुमारे ८ फूट खोल खड्डा खणून, खाली-वर चुना टाकून ते पुरावे. पुरण्यापूर्वी मात्र पशुवैद्यास दाखवावे, त्याचे कारण पुढे येईल.

दूध, माणूस आणि माणसाच्या गाठी

२०२२ मध्ये रोगाहून अफवाच अधिक वेगाने पसरल्या. गाईचे दूध पिऊ नये, त्याने माणसांस गाठी येतात, असे बोलले जाऊ लागले, आणि ज्यांच्या घरी एकही जनावर आजारी नव्हते त्यांनाही गिऱ्हाइकांच्या शंकांना तोंड द्यावे लागले. हा रोग गुरांपासून माणसांस होत नाही. दूध नेहमीप्रमाणे उकळून घ्यावे. आजारी गाईवर औषधे चालू असतील तर तिचे दूध केव्हापासून वापरावे हे मात्र पशुवैद्यास विचारावे.

याचा दुसरा अर्थ असा की घरातील कोणाच्या अंगावर गाठ आली असेल तर तिचे खापर गोठ्यावर फोडून स्वस्थ बसता येणार नाही. गाईच्या कासेवरील गाठ धार काढणाऱ्या बाईच्या हातास प्रथम लागते आणि ती लगेच बोभाटा करते. स्वतःच्या छातीतील गाठ मात्र ती महिनोन् महिने कोणास सांगत नाही. ती दुखत नाही, हेच कारण पुढे केले जाते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ आरंभी पुष्कळदा दुखतच नाही. अंगावरील बहुतेक गाठी चरबीच्या व निरुपद्रवी असतात, हे खरे आहे. पण वाढत जाणारी, टणक, जागेवरून न हलणारी, मानेत वा काखेत आठवडेच्या आठवडे टिकणारी, अथवा स्तनातील कोणतीही गाठ प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस दाखविली पाहिजे. गुरांच्या लसीकरणासाठी घरोघर जाणाऱ्या ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने ही गोष्ट घरातील स्त्रियांच्या कानावर घालावी. ती त्याच्या कामाबाहेरची नाही.

लस आणि नोंद

लम्पीविरुद्ध महाराष्ट्रात शेळ्यांच्या देवीची लस वापरण्यात आली. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात सुमारे १ कोटी ४० लक्ष गोधन होते, आणि २०२२ मध्ये पावसाळा संपेपर्यंत त्यातील बहुतेकांस लस टोचण्याचे मोठे काम पशुसंवर्धन खात्याने पार पाडले. खास याच रोगासाठी हिस्सार व इज्जतनगर येथील संस्थांनी तयार केलेली लम्पी-प्रोव्हॅक-इंड ही लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यावयास सुमारे तीन आठवडे लागतात. साथ शेजारच्या गावात आल्यावर धावाधाव करण्यात फारसे हशील नाही, ते यामुळे. अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीस बैलगाडी घेऊन जाणाऱ्या कुटुंबांनी तर निघण्यापूर्वी किमान एक महिना बैलांस लस टोचून घेतली पाहिजे. कारखान्याच्या तळावर शेकडो बैल एकत्र बांधले जातात. तेथे बैल आजारी पडला तर हंगामाची कमाई जाते, आणि उचल मात्र डोक्यावर राहते.

गाठ लपविण्याची वृत्ती काही ठिकाणी दिसून आली. जनावर आजारी असल्याचे कळले तर ते बाजारात विकता येणार नाही, अशी भीती तिच्या मुळाशी असते. ही भीती समजण्यासारखी आहे, पण हिशेब चुकीचा आहे. पशुरोग प्रतिबंधाच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अनुसूचित संसर्गजन्य रोगाचा संशय येताच गावात खबर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि ती पशुवैद्यापर्यंत पोहोचविणे हे गावच्या अधिकाऱ्यांचे. सप्टेंबर २०२२ मध्ये या रोगासाठी संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करण्यात आले होते. त्याच वर्षी शासनाने या रोगाने दगावलेल्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार व वासरासाठी १६ हजार रुपये साहाय्य जाहीर केले. ते साहाय्य रोगाची पशुवैद्याने खात्री केल्यावर व पंचनामा झाल्यावरच मिळावयाचे होते. ज्याने जनावर गुपचूप पुरले त्याच्या हाती काय राहिले, हे सांगावयास नको.

बरा झालेला बैल

ताप उतरला, बैल वैरण खाऊ लागला, म्हणजे लगेच जू ठेवावे असा मोह होतो. रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली असते व शेजाऱ्याची तिफण वापसा साधून चाललेली असते. परंतु मानेवरील गाठींच्या जागी कातडी सुकून गळून पडते व खाली खोल व्रण राहतो. त्यावर जू बसले की तो पुन्हा फाटतो. व्रण भरून नवी कातडी येईपर्यंत, आणि सुजलेल्या पायांतील पाणी पूर्णपणे ओसरेपर्यंत, बैलास मोकळा ठेवावा लागतो. यास कधी एक महिना तर कधी दोन महिनेही लागतात. एवढा काळ सावड करून, अथवा भाड्याने ट्रॅक्टर घेऊन, पेरणी उरकून घ्यावी. खारपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र व बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्र यांच्याकडे कमी मशागतीत व उशिरा पेरणीस योग्य अशा वाणांची चौकशी करता येते. बैल पुन्हा जुंपावयाच्या दिवशी प्रथम त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाहावा. दाबल्यावर त्याने मान झटकली, तर जू आणखी आठ दिवस खुंटीवरच राहू द्यावे.